पॉपरमधला संथ कंट्रोल डेक धारदार कसा करावा

'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या पॉपर प्रकारात डेकमधले (खेळाडूच्या गड्डीतले) प्रत्येक कार्ड कधी ना कधी, छापील स्वरूपात किंवा मॅजिक ऑनलाइनवर, कॉमन (सर्वांत सहज मिळणाऱ्या) श्रेणीत आलेले असावे लागते. त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो, पण महागडी आणि एकहाती सामना फिरवणारी कार्डे नसल्यामुळे संथ कंट्रोल डेकला (समोरच्याला रोखत सामना लांबवणाऱ्या डेकला) प्रत्येक जागेचा हिशेब द्यावा लागतो. असा डेक हरतो, तेव्हा बहुतेक खेळाडू आणखी ताकदवान कार्ड शोधू लागतात. माझ्या मते ही दिशाच चुकीची आहे. कंट्रोल डेक सहसा चांगली कार्डे हातात धरूनच मरतो, कारण ती खेळण्याइतका माना (कार्डे खेळण्याचे चलन), योग्य रंग किंवा वेळ त्याला मिळालेला नसतो. म्हणून डेक सुधारताना पहिला प्रश्न हा असावा, की आपण कोणत्या टर्नला (पाळीला) हरलो आणि त्या क्षणी हातात काय अडकून पडले होते.

उदाहरणासाठी निळा-काळा डेक घेऊ. बावीस लँड कार्डे (माना देणारी) आणि चार लोरियन रिव्हील्ड. त्यांच्या जोडीला चार काउंटरस्पेल (समोरच्याचे कार्ड खेळतानाच रोखणारे), दोन प्रोहिबिट, दोन एक्सक्लूड, तीन कास्ट डाउन, दोन स्नफ आउट, दोन चेनर्स ईडिक्ट, दोन क्रिप्ट रॅट्स, एक एव्हिन्कार्स जस्टिस, चार प्रीऑर्डेन, दोन डीप अॅनालिसिस, दोन मिस्टिकल टीचिंग्ज, दोन मलड्रिफ्टर आणि दोन ग्युरमॅग अँग्लर. ही छप्पन्न कार्डे झाली; साठ पूर्ण व्हायला चार जागा उरतात. यादी वाचायला सुबक वाटते आणि पहिल्या मसुद्यासाठी ती वाईटही नाही, परंतु तिच्यातल्या उणिवा खेळताना हळूहळू उघड होतात.

सुरुवात लँड कार्डांपासून करावी. काउंटरस्पेलसाठी दोन निळे माना लागतात आणि ते दुसऱ्या टर्नला हवे असतात. साठ कार्डांच्या डेकमध्ये निळा माना देणारी सोळा कार्डे असतील, तर आधी खेळताना दुसऱ्या टर्नपर्यंत दिसणाऱ्या आठ कार्डांत अशी निदान दोन कार्डे येण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के असते. तीच संख्या वीसवर नेली की शक्यता सुमारे ८२ टक्क्यांवर जाते. हा आकडा मलिगन (सुरुवातीचा हात बदलून घेणे) न धरता काढलेला असला, तरी त्यातून दिसणारा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दहापैकी तीन सामन्यांत हातातले काउंटरस्पेल दुसऱ्या टर्नला निरुपयोगी ठरणार असेल, तर दोष त्या कार्डाचा नसून त्याच्या पायाचा आहे.

लोरियन रिव्हील्ड ही कसर बऱ्याच अंशी भरून काढते. एक माना देऊन ती टाकली की लायब्ररीतून (उरलेल्या गड्डीतून) आयलंड प्रकारचे, निळा माना देणारे लँड हातात येते, आणि खेळ लांबला तर तेच कार्ड पाच मानांत तीन कार्डे काढून देते. मात्र तिला पूर्ण लँड समजू नये. दुसऱ्या टर्नला काउंटरस्पेल तयार ठेवायचे असेल, तर तिच्यासाठी पहिला टर्न खर्च करावा लागतो आणि त्या टर्नचे लँड आडवे न उतरणारे, म्हणजे लगेच माना देणारे, असावे लागते. येथे आणखी एक गोष्ट कामी येते. आइस टनेल आणि कंटॅमिनेटेड अॅक्विफर या दोन्ही लँड कार्डांवर आयलंड आणि (काळा माना देणारा) स्वॅम्प हे दोन्ही प्रकार छापलेले असल्याने लोरियन रिव्हील्ड त्यांनाही शोधून आणू शकते, म्हणजे निळ्या कार्डाच्या बदल्यात काळा मानाही हाती लागतो. डिझमल बॅकवॉटर दोन्ही रंग देते आणि वर एक लाइफही (आयुष्याचा गुण) देते, परंतु तिच्यावर कोणताच मूळ प्रकार नसल्यामुळे लोरियन तिला शोधू शकत नाही. शिवाय चार लाइफ देऊन स्नफ आउट खेळण्यासाठी आपल्याकडे स्वॅम्प असणे आवश्यक असते. ती अट आइस टनेल पूर्ण करते, बॅकवॉटर करत नाही. अशी बारीक कलमे कार्डावर सरळ लिहिलेली असूनही डेक जुळवताना नजरेतून सुटतात.

आडवी उतरणारी लँड कार्डे मोजून ठेवावीत. आठ आयलंड, चार स्वॅम्प, चार आइस टनेल, दोन अॅक्विफर, तीन बॅकवॉटर आणि एक बोजुका बॉग अशी बावीस कार्डे धरली, तर त्यांतली दहा आडवी उतरतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टर्नला अशा लँडमुळे एक माना कमी पडला की वेगवान डेक तेवढ्यात एक हल्ला जास्त करून जातो. मी येथे दोन बॅकवॉटर काढून दोन आयलंड घालीन. आडवी कार्डे आठवर येतात, निळी सतराच राहतात, काळी चौदावरून बारावर उतरतात. या बदलाची किंमत क्रिप्ट रॅट्सला मोजावी लागते, कारण तिच्या क्षमतेतील एक्ससाठी (ती किती इजा करते त्या आकड्यासाठी) फक्त काळा माना चालतो. सहा लँड कार्डांपैकी काळा माना देणारी तीनच असतील, तर एक तिला उतरवताना खर्ची पडतो आणि एक्स दोनच्या पुढे जात नाही. एल्फसारख्या छोट्या क्रिएचरांच्या (लढणाऱ्या प्राण्यांच्या) डेकसमोर दोन पुरतात. त्याहून मोठ्या क्रिएचरांसमोर पुरत नाहीत. दोनपैकी एक रॅट्स साइडबोर्डमध्ये (पहिल्या डावानंतर अदलाबदलीसाठी ठेवलेल्या पंधरा कार्डांत) नेणे त्यामुळे योग्य ठरते.

आता प्रोहिबिटकडे वळू, कारण या डेकमधली सर्वांत मोठी फसगत तिच्यात आहे. दोन मानांत ती दोन किंवा त्याहून कमी किमतीचे कार्ड रोखते आणि किकरचे आणखी दोन माना दिले की चारपर्यंतचे रोखते. कागदावर हे लवचीक वाटते. परंतु पॉपरमधली अनेक धोकादायक कार्डे स्वस्तात उतरत असली तरी त्यांची छापील किंमत मोठी असते, आणि प्रोहिबिट पाहते ती छापील किंमत. टोलारियन टेरर ग्रेव्हयार्डमधल्या (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातल्या) इन्स्टंट (केव्हाही खेळता येणाऱ्या) आणि सॉर्सरी (फक्त आपल्या टर्नला खेळता येणाऱ्या) कार्डांमुळे एक-दोन मानांत येते, पण तिची किंमत सात धरली जाते. ग्युरमॅग अँग्लर आणि आर्टिफॅक्टच्या आधारावर फुकटात उतरणारा मिर एन्फोर्सर यांचीही किंमत सातच आहे. दोन माउंटन बळी देऊन मारलेला फायरब्लास्ट सहाचा आहे. थोडक्यात, ज्या घटकेला काउंटर (रोखणारे कार्ड) खरोखर हवा असतो, त्या घटकेला प्रोहिबिट हातात नुसती पडून राहते. तिच्या जागी एक जास्तीचे एक्सक्लूड घेतले, तर ते तीन मानांत कोणतेही क्रिएचर रोखते आणि वर एक कार्ड देते. फायरब्लास्ट मात्र त्याने थांबत नाही. त्यासाठी काउंटरस्पेल राखून ठेवावे किंवा साइडबोर्डमधून लाल कार्डे रोखणारे हायड्रोब्लास्ट आणावे.

रिमूव्हल (समोरचे क्रिएचर काढून टाकणारे कार्ड) निवडतानाही ते कोणत्या क्रिएचरसाठी घेतले आहे, हे प्रत्येक कार्डाबाबत विचारावे. टेररवर वॉर्ड दोन (लक्ष्य करणाऱ्याकडून दोन माना जास्त मागणारे संरक्षण) असल्याने कास्ट डाउन तिच्यावर चार मानांना पडते. चेनर्स ईडिक्ट क्रिएचरला लक्ष्य करत नाही, ती खेळाडूला एक क्रिएचर बळी द्यायला लावते, त्यामुळे वॉर्ड आड येत नाही आणि हेक्सप्रूफही (समोरच्याला लक्ष्यच करू न देणारे संरक्षण) आड येत नाही. उलट समोर तीन-चार टोकन (इतर कार्डांनी निर्माण केलेली छोटी क्रिएचर) असतील तर तीच ईडिक्ट वाया जाते. स्नफ आउट काळ्या क्रिएचरवर चालत नाही, म्हणून अँग्लरसमोर ती उपयोगाची नाही. तिचे चार लाइफ हे लाल डेकच्या लाइटनिंग बोल्टने जाणाऱ्या तीनहून जास्त आहेत, तेव्हा लाल डेकविरुद्ध दुसऱ्या डावात ती बाहेर काढायलाच हवी. या सर्वांत सगळीकडे चालणारे कार्ड एकही नाही. म्हणूनच तीन-दोन-दोन अशी विभागणी ठेवून, जेथे खेळणार तेथे कोणते डेक जास्त दिसतात यानुसार एखाद-दुसरी जागा इकडे-तिकडे करणे हेच शहाणपणाचे असते.

मिस्टिकल टीचिंग्ज असेल तर रचनेला आणखी एक अट लागू होते. ही इन्स्टंट फक्त इन्स्टंट किंवा फ्लॅश (इन्स्टंटसारखे केव्हाही खेळू देणारा गुण) असलेले कार्ड शोधते. चेनर्स ईडिक्ट, डीप अॅनालिसिस आणि एव्हिन्कार्स जस्टिस या सॉर्सरी आहेत आणि क्रिप्ट रॅट्सला फ्लॅश नाही, म्हणजे संकटात हव्या असणाऱ्या अर्ध्या गोष्टी टीचिंग्जच्या आवाक्याबाहेर राहतात. दोनपैकी एका चेनर्स ईडिक्टच्या जागी डायबॉलिक ईडिक्ट घेतली तर तोच परिणाम इन्स्टंटमध्ये मिळतो आणि फ्लॅशबॅक (ग्रेव्हयार्डमधून पुन्हा खेळण्याची सोय) गमावल्याचे फारसे दुःख होत नाही. प्रोहिबिटची उरलेली जागा सफोकेटिंग फ्यूम्सला द्यावी. ती इन्स्टंट असून समोरच्या सर्व क्रिएचरांना उणे एक-उणे एक करते आणि नको तेथे दोन मानांत सायकल होते (टाकून दुसरे कार्ड काढता येते). टीचिंग्ज स्वतःही इन्स्टंट असल्याने एक टीचिंग्ज दुसरीला शोधू शकते, पण त्या आनंदात तिच्या चार प्रती घालू नयेत. चार मानांत नुसते एक कार्ड हातात घेणे पॉपरमध्ये फार महाग पडते, आणि तो शोध प्रतिस्पर्ध्याच्या टर्नच्या अखेरीस, समोर रोखण्यासारखे काही उरले नसतानाच करावा.

चौथा टर्न ही या डेकची खरी परीक्षा असते. चार लँड उभी आहेत, हातात डीप अॅनालिसिस, काउंटरस्पेल आणि एक रिमूव्हल आहे, समोर दोन क्रिएचर आहेत. नवखा खेळाडू डीप अॅनालिसिस खेळून चारही माना संपवतो. बहुतेक वेळा दोन माना रिमूव्हलला आणि दोन काउंटरस्पेलला राखावेत, आणि डीप अॅनालिसिस पहिल्यांदा सहाव्या टर्नला खेळावे. तिचा फ्लॅशबॅक दोन माना आणि तीन लाइफचा असल्याने लाल डेकसमोर तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर विसंबूच नये. यावरून एक सोपी कसोटी निघते. डेकमधली चार आणि त्याहून जास्त मानांची कार्डे मोजावीत, मात्र स्वस्तात खेळता येणारी लोरियन, मलड्रिफ्टर, स्नफ आउट आणि अँग्लर त्यांतून वगळावीत. उरलेली संख्या पाचांहून जास्त असेल तर डेक जड आहे. आपल्या यादीत ती डीप अॅनालिसिस, टीचिंग्ज आणि जस्टिस मिळून नेमकी पाच आहे.

सामना संपवणारी कार्डे दोन अँग्लर पुरेत. पाच ताकदीचा अँग्लर वीस लाइफ चार हल्ल्यांत संपवतो. मलड्रिफ्टरला त्यासाठी दहा हल्ले लागतात, तेव्हा त्याला विजयाचे साधन न समजता कार्डे देणारे साधन समजावे. अँग्लर डेल्व्हसाठी (ग्रेव्हयार्डमधली कार्डे हद्दपार करून किंमत कमी करण्यासाठी) ग्रेव्हयार्ड खातो आणि आपली डीप अॅनालिसिस, ईडिक्ट व टीचिंग्ज तेथूनच पुन्हा खेळायच्या असतात, म्हणून हद्दपार करताना आधी वापरून झालेले काउंटरस्पेल, प्रीऑर्डेन आणि मेलेली क्रिएचर घ्यावीत. याच कारणासाठी साइडबोर्डमध्ये रेलिक ऑफ प्रोजेनिटसपेक्षा निहिल स्पेलबॉम्ब बरा. रेलिक फोडला की दोघांचेही ग्रेव्हयार्ड जाते, स्पेलबॉम्ब फक्त समोरच्याचे नेतो.

साइडबोर्डकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तीन डावांची लढत दोन डावांत संपली तर एक डाव, आणि तिसऱ्या डावापर्यंत गेली तर दोन डाव साइडबोर्डनंतर होतात. म्हणजे एकूण खेळाचा निदान अर्धा भाग बदललेल्या डेकने खेळला जातो, तरीही सराव मात्र पहिल्या डावाचाच होत राहतो. पंधरा जागांत सगळ्यांसाठी एकेक कार्ड ठेवण्याचा मोह आवरावा. लाल डेकविरुद्ध हायड्रोब्लास्ट आणि ब्लू एलिमेंटल ब्लास्ट मिळून तीन प्रती असतील, तर पहिल्या दहा कार्डांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के असते. पाच प्रती असतील तर ती सुमारे ६१ टक्के होते. जो डेक आपल्याला सर्वाधिक छळतो, त्याला पाच जागा द्याव्यात आणि ज्याच्यासमोर मुळातच आपली बाजू वरचढ आहे, त्याला एकही देऊ नये.

बदल तपासताना एका वेळी दोन-तीन कार्डांपलीकडे जाऊ नये, अन्यथा सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. हरल्यावर चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: समोरचा डेक, हरण्याचा टर्न, हातात उरलेली कार्डे आणि आडव्या लँडमुळे गमावलेले माना. एकच कार्ड हातात उरलेल्यांच्या रकान्यात वारंवार येऊ लागले की काय काढायचे ते वेगळे ठरवावे लागत नाही. नवी कार्डे विकत घेण्याआधी कागदाच्या चिठ्ठ्या लावून हा सराव करावा. खरेदीच्या वेळी कार्डावरच्या श्रेणीच्या खुणेने गोंधळून जाऊ नये. एखाद्या आवृत्तीत कार्ड अनकॉमन छापलेले असले, तरी ते दुसरीकडे कॉमन आलेले असेल तर पॉपरमध्ये चालते. बंदीची यादी मात्र दर वेळी पाहावी. २०१९ मध्ये गश, डेझ आणि गिटॅक्सियन प्रोब यांच्यावर बंदी आली, २०२० मध्ये मिस्टिक सँक्च्युअरीवर आली आणि संथ निळ्या डेकांना दोन्ही वेळा नव्याने मांडणी करावी लागली. जुन्या याद्या जशाच्या तशा उतरवून घेणारे येथेच फसतात.

उरला घड्याळाचा प्रश्न. समोरासमोरच्या स्पर्धेत फेरीला सामान्यतः ५० मिनिटे मिळतात आणि वेळ संपल्यावर पाच टर्न; मॅजिक ऑनलाइनवर प्रत्येकाच्या घड्याळावर २५ मिनिटे असतात आणि ती संपली की लढत हातची जाते. पहिला डाव हरत असल्याचे दिसताच तो सोडून द्यावा, कारण तिसऱ्या डावाला लागणारी दहा मिनिटे त्यातूनच वाचतात. प्रीऑर्डेन खेळताना काय शोधायचे हे कार्ड उचलण्याआधीच ठरलेले असावे, लोरियनने कोणते लँड आणायचे हे प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्येच ठरवावे, आणि सरावातही घड्याळ लावूनच खेळावे. घड्याळाशिवाय चांगला वाटणारा डेक वेळेत दोन डाव संपवू शकत नसेल, तर दुसऱ्या टीचिंग्जच्या जागी तिसरा अँग्लर घालावा.