बॅटरी बनवणाऱ्या नवख्या कंपनीत पैसे कसे गुंतवावेत

बॅटरी कंपनीचे सादरीकरण बहुतेक वेळा एकाच आलेखाने सुरू होते: आमच्या सेलमध्ये (बॅटरीच्या एकेका घटकात) किलोमागे इतके वॉट-तास वीज, बाजारातल्या सेलपेक्षा इतके जास्त. आलेख खोटा नसतो, पण गुंतवणुकीचा निर्णय घ्यायला त्याचा फारसा उपयोग नाही. या धंद्यात बुडालेल्या कंपन्या पाहिल्या तर रसायन फसल्यामुळे बुडालेल्या कमी. चांगला सेल बनतो, पण तसाच सेल रोज हजारोंनी आणि परवडणाऱ्या किमतीत बनत नाही, तिथे पैसा संपतो. नॉर्थव्होल्ट या स्वीडनच्या सेल बनवणाऱ्या कंपनीने कर्ज आणि भांडवल मिळून १५ अब्ज डॉलरच्या आसपास उभे केले होते. मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून खालच्या पायऱ्यांत रसायनापेक्षा कारखान्याला जास्त जागा दिली आहे.

पायरी १ : कंपनी नेमके काय बनवते ते पाहा

‘बॅटरी कंपनी’ या नावाखाली चार वेगळे धंदे येतात. सेल बनवणे, सेलला लागणारा माल, म्हणजे कॅथोडची (धन टोकाची) पूड, सिलिकॉन ॲनोड (ऋण टोक), इलेक्ट्रोलाइट (दोन टोकांमध्ये आयन वाहून नेणारा पदार्थ), सेपरेटर (दोन टोकांमधला पडदा) बनवणे, विकत घेतलेल्या सेलपासून पॅक, म्हणजे अनेक सेल जोडलेली पूर्ण बॅटरी, बांधणे, आणि यंत्रे, चाचणी किंवा पुनर्वापर.

सगळ्यात जास्त भांडवल सेलचा कारखाना खातो. चीनबाहेर वर्षाला १ गिगावॉट-तास (१० लाख किलोवॉट-तास) क्षमतेसाठी ढोबळमानाने १० कोटी डॉलर धरावेत. एवढे पैसे भांडवल उभारणीच्या एका फेरीत येत नाहीत आणि दर फेरीत जुन्यांचा हिस्सा पातळ होतो. सुरुवातीला ५ टक्के घेतलेत आणि पुढच्या चार फेऱ्यांत प्रत्येकी २० टक्के नवे भाग निघाले, तर हातात साधारण २ टक्के उरतात. पॅकच्या धंद्याला भांडवल कमी लागते, पण नफ्याची फट अरुंद असते, कारण मुख्य खर्च, म्हणजे सेल, दुसऱ्याच्या हातात.

लहान गुंतवणूकदाराने आधी माल आणि यंत्रांकडे पाहावे, हे आमचे मत. त्यातही एक प्रश्न पहिला: कंपनीचा माल ग्राहकाच्या सध्याच्या उत्पादन लाइनवर तसाच चालतो का? त्यासाठी लाइन बदलावी लागत असेल तर विक्रीला कित्येक वर्षे जादा लागतात.

पायरी २ : प्रयोगशाळेतला आकडा सोलून पाहा

सुरुवातीचे आकडे बहुधा नाणे-सेलवर काढलेले असतात: २० मिलिमीटर व्यासाची, ३.२ मिलिमीटर जाडीची डबी. त्यात काहीही सुंदर दिसते. म्हणून पुढच्या गोष्टी लेखी मागा.

वजनात काय काय धरले? फक्त सक्रिय पदार्थाचे वजन धरले तर आकडा फुगतो. पूर्ण सेलचे, आवरणासकट वजन हवे. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिअँपिअर-तासांचा थर दिला? व्यापारी सेलमध्ये तो साधारण ३ ते ४ असतो. १ वर मिळालेला निकाल जाड थरात टिकेलच असे नाही. इलेक्ट्रोलाइट मोजून घातले की सेल त्यात बुडवून ठेवला? चाचणीचे तापमान किती, बाहेरून दाब किती? घन इलेक्ट्रोलाइटवाल्या कंपन्यांना शेवटचा प्रश्न न चुकता विचारा. भारी दाबाखाली नीट चालणारा सेल गाडीत बसवायचा तर दाब देणारी चौकटही बसवावी लागते आणि वजनातला सगळा फायदा ती गिळते.

दुसरी कसोटी कुलंबिक कार्यक्षमतेची, म्हणजे भरलेल्यापैकी किती प्रभार परत मिळतो याची. दर फेरीला, म्हणजे सेल एकदा भरून रिकामा करताना, ९९.९ टक्के ऐकायला उत्तम वाटते. पण लिथियमचा जादा साठा नसेल तर ५०० फेऱ्यांनंतर ०.९९९ चा ५०० वा घात, म्हणजे जेमतेम ६१ टक्के क्षमता उरते. हजार फेऱ्यांनंतर ८० टक्के हवी असेल तर कार्यक्षमता ९९.९८ च्या आसपास लागते. ॲनोडला लिथियमचा जाड पत्रा लावला असेल तर ही गळती आलेखात दिसतच नाही. साठा संपला की सेल एकदम कोसळतो.

चाचणीचे सेल कंपनीने निवडलेले नकोत. एका बॅचमधले सेल क्रमांकाने तुम्ही निवडा, निदान वीस, आणि ते स्वतंत्र प्रयोगशाळेत जाऊ द्या. सरासरीपेक्षा त्यांच्यातला फरक किती ते पाहा. पॅकमध्ये सगळ्यात कमकुवत सेलच बाकीच्यांची मर्यादा ठरवतो.

पायरी ३ : लाइनवर उभे राहा

निम्मा वेळ इथे द्या. सेल असा बनतो: पूड, बंधक आणि द्रावक यांचा लगदा कालवायचा, तो धातूच्या पातळ पत्र्यावर चढवायचा (ॲनोडला तांबे, बहुधा ६ ते १० मायक्रॉन, कॅथोडला ॲल्युमिनियम), वाळवायचा, रोलरखाली दाबायचा, कापायचा, सेपरेटर मध्ये ठेवून गुंडाळायचा किंवा रचायचा, टॅब (वीज बाहेर नेणाऱ्या पट्ट्या) वेल्ड करायचे, इलेक्ट्रोलाइट भरायचे, मग पहिले चार्जिंग म्हणजे फॉर्मेशन, आणि शेवटी मुरवत ठेवायचे. सेलची जुळणी आणि भरणी कोरड्या खोलीत होते. तिथला दवबिंदू उणे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली ठेवावा लागतो. ती खोली रात्रंदिवस वीज खाते आणि उत्पादन निम्मे झाले म्हणून तिचे बिल निम्मे होत नाही.

आता यील्ड, म्हणजे बनवलेल्यापैकी चांगल्या मालाचे प्रमाण. दहा टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर ९८ टक्के माल चांगला, तर शेवटी ८२ टक्केच सेल विकण्याजोगे. प्रत्येक टप्पा ९९ वर नेला तर ९०. सेलच्या खर्चात निम्म्याहून बराच जास्त वाटा कच्च्या मालाचा असतो, म्हणून शेवटच्या टप्प्यावर फेकलेला सेल सगळ्यात महाग पडतो. शिवाय फॉर्मेशन आणि मुरवणीला काही दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत लागतात. कोटिंगमध्ये आज शिरलेला दोष तेव्हा कळला, तर मधल्या काळात बनलेला सगळा माल संशयित.

संख्येचाही अंदाज घ्या. ५ अँपिअर-तास आणि ३.६ व्होल्टचा दंडगोल सेल १८ वॉट-तासांचा. १ गिगावॉट-तास म्हणजे असे साडेपाच कोटींहून जास्त सेल. इतक्या संख्येत दुर्मीळ दोषही ठरलेल्या वेळी उगवतो. जनरल मोटर्सला बोल्ट या विजेवरच्या गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या, कारण काही सेलमध्ये ॲनोडचा टॅब फाटलेला आणि सेपरेटर दुमडलेला, असे दोन्ही दोष एकत्र आले होते. भरपाईपोटी सेल पुरवणाऱ्या एलजीने १.९ अब्ज डॉलरपर्यंत देण्याचे मान्य केले. ए१२३ सिस्टिम्स या अमेरिकी बॅटरी कंपनीकडे तर मिशिगनमधल्या एका वेल्डिंग यंत्राचे कॅलिब्रेशन (मापाची जुळणी) चुकले होते. मार्च २०१२ मध्ये सदोष पॅक बदलण्याचा खर्च सुमारे साडेपाच कोटी डॉलर सांगितला गेला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

भेटीत यंत्रांच्या चकाकीपेक्षा भंगाराचे डबे बघा. कोणत्या टप्प्याजवळचा डबा भरलेला आहे आणि त्यावर बॅच क्रमांक व कारण लिहिले आहे का? कोटिंगच्या कडा सरळ आहेत की लाटांसारख्या? कोणता टप्पा अजून हाताने होतो? गेल्या तीन महिन्यांचे टप्पावार यील्ड मागा. ‘गोपनीय’ असे उत्तर आले तर गोपनीयतेचा करार करून मागा. तरी मिळाले नाही तर बहुधा ते मोजलेच जात नाही.

पायरी ४ : ग्राहकाचा कागद वाचा

इरादापत्र म्हणजे ऑर्डर नव्हे. माल उचलला नाही तरी पैसे द्यावे लागतील असे कलम ज्या करारात आहे, तोच मोजा. त्यातही दर्जा किंवा मुदत चुकली तर ग्राहकाला सुटता येते: बीएमडब्ल्यूने नॉर्थव्होल्टची सुमारे २ अब्ज युरोंची ऑर्डर २०२४ मध्ये रद्द केली. वाहन उद्योगात नमुने ए, बी, सी, डी अशा क्रमाने जातात. ए म्हणजे चालणारा नमुना; सी म्हणजे खऱ्या उत्पादनाच्या यंत्रांवर बनलेला. ए नमुना दिला अशी बातमी आली की विक्री अजून काही वर्षे लांब आहे असे समजा.

पायरी ५ : पुढच्या किमतीवर हिशेब मांडा

ब्लूमबर्गएनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२४ ची पॅकची सरासरी किंमत किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होती, आधीच्या वर्षापेक्षा २० टक्के कमी. कंपनीच्या आराखड्यात आजची किंमत धरून चार वर्षांनंतरचा नफा काढला असेल तर तो तक्ता बाजूला ठेवा. किंमत ३० टक्के कमी आणि यील्ड १५ अंकांनी कमी धरून स्वतः मांडा. त्यातही कंपनी तगत असेल तरच पुढे बोला. लिथियमचे भाव वरखाली झाले तर फरक ग्राहक सोसतो की कंपनी, हे करारातून शोधा.

पायरी ६ : पैसे टप्प्याटप्प्याने द्या

रक्कम तीन हप्त्यांत बांधा आणि हप्ता तारखेऐवजी निकालाला जोडा: ठरलेल्या आकाराचा सेल, ठरलेल्या फेऱ्या, पायलट (चाचणीच्या छोट्या) लाइनवर सलग काही आठवडे ठरलेले यील्ड. पुढच्या फेरीत हिस्सा राखण्याचा हक्क मागा आणि ठरवलेल्या एकूण रकमेतला निम्मा भाग त्यासाठी बाजूला ठेवा. विद्यापीठाचे पेटंट असेल तर परवाना एकट्या कंपनीलाच आहे का आणि कोणत्या वापरासाठी आहे, हे वकिलाकडून तपासून घ्या. यंत्रांवर कर्ज असेल तर दिवाळखोरीत आधी सावकार, मग प्राधान्याचे भागधारक; साध्या समभागांना बहुधा काहीच उरत नाही. अनुदानावर भिस्त ठेवू नका. ए१२३ला २००९ मध्ये अमेरिकी सरकारचे जवळपास २५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर झाले होते, तरीही ती बुडाली.

हे पैसे सात ते दहा वर्षे अडकतील आणि पूर्ण जातीलही, असे धरूनच रक्कम ठरवा.

पैसे दिल्यानंतर दर महिन्याला तीन आकडे मागण्याचे कलम करारात घाला: विकलेले सेल, पहिल्याच तपासणीत पास झालेल्या सेलचे प्रमाण, आणि खात्यातली रोकड किती महिने पुरेल. मधला आकडा दोन महिने आला नाही तर कारखान्यात पुन्हा जा. पुढचा हप्ता तोवर थांबवा.