मसाजला जाताना भीड बाहेर ठेवा: या चुका टाळा

टेबलावर पालथे झोपलेले एक गृहस्थ. त्यांच्या पाठीच्या फऱ्याखाली मी अंगठ्याने दाब देत होते. "दाब बरा आहे ना?" विचारलं, तर "हो हो, चालू द्या" असं उत्तर आलं. आवाज शांत होता, पण चादरीबाहेर आलेल्या पायांची बोटं तळव्याकडे घट्ट आवळलेली होती आणि श्वास मध्येच अडकत होता. मी हात हलका केला तशी बोटं सुटली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, दुखलं तरच गुण येतो."

इतकी वर्षं हे काम करतेय, आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे.

दुखणं दात आवळून सोसणं

दाब सोसण्यापलीकडे गेला की स्नायू स्वतःला वाचवायला आखडतो. म्हणजे जी गाठ सैल करायला तुम्ही आलात, तीच आणखी घट्ट होते आणि माझी सगळी ताकद तिच्याशी झटापट करण्यात जाते. शून्य ते दहा असं माप मनात धरा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. सहाच्या वर काहीही गेलं की सांगा. दुखतंय पण बरंही वाटतंय, अशी एक जागा असते आणि काम तिथेच होतं. डीप टिश्यू मसाजसुद्धा खोलवर पोहोचतो तो जोराने नाही, संथपणाने.

काही दुखणी मात्र लगेच बोलायची असतात. विजेसारखी सणक गेली, हातापायाला मुंग्या आल्या, एखादा भाग बधिर झाला तर नसेवर दाब येत असू शकतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी उडते तिथे कोणी जोराने दाबत असेल, तर तिथल्या तिथे "थांबा" म्हणा. दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर असतं तसं अंग ठणकलं तर काळजी नको, एक-दोन दिवसांत ते जातं. काळेनिळे डाग पडले किंवा तीन दिवसांनंतरही दुखत राहिलं, तर दाब जास्त झाला होता. ते अंगावर काढू नका, थेरपिस्टला कळवा. दुखणं वाढतच असेल तर डॉक्टरकडे जा.

फॉर्म घाईघाईत भरणं

सुरुवातीला जो कागद हातात देतात तो अनेकजण नाव आणि सही करून परत करतात. "आजार: नाही. औषधं: नाही." मग टेबलावर गप्पांच्या ओघात कळतं की रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू आहे! अशा माणसाला साध्या दाबानेही मोठे डाग पडू शकतात. हे आधी कळलं असतं तर मी वेगळ्या हाताने काम केलं असतं.

एकदा एक बाई आल्या. "पोटरीत गोळा आलाय, जरा चोळून द्या." दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले तर एकच पोटरी सुजलेली, लालसर आणि हाताला गरम लागत होती. मागच्या आठवड्यात लांबचा प्रवास झाला होता. मी त्या पायाला हात लावला नाही, तडक डॉक्टरकडे पाठवलं. शिरेत गुठळी निघाली. अशी गुठळी चोळण्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावर बेततं. म्हणून एकाच पायाला सूज, उष्णता आणि दुखणं असेल तर आधी तपासणी.

न विसरता सांगायच्या गोष्टी आणखीही आहेत: गरोदरपण, नुकती झालेली शस्त्रक्रिया किंवा हाड मोडणं, ठिसूळ हाडं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, चालू असलेले कर्करोगाचे उपचार. यातल्या बहुतेकांना मसाज घेता येतो, फक्त पद्धत बदलते आणि काही वेळा आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर ते मुद्दाम सांगा, कारण तुम्ही "दाब ठीक आहे" म्हणालात तरी त्या भागापुरता मी त्यावर विश्वास ठेवू शकत नाही. बदामासारख्या सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर तेल बदलावं लागतं. ताप असेल, त्वचेवर संसर्ग किंवा उघडी जखम असेल, तर त्या दिवशी येऊच नका. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर ते मसाजचं काम नाही, तातडीने रुग्णालय गाठा.

कपड्यांचं विचारायला लाजणं

किती कपडे काढायचे हे विचारायला लोक इतके लाजतात, की काहीजण त्याच धास्तीने येतच नाहीत. तर स्पष्ट सांगते: जेवढं काढल्यावर तुम्हाला अवघडणार नाही तेवढंच काढायचं. थेरपिस्ट खोलीबाहेर जातो, तुम्ही चादरीखाली झोपता, तो दार वाजवून आत येतो. मग ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा असतो, बाकी सगळं झाकलेलं. अंतर्वस्त्रं ठेवली तरी मसाज व्यवस्थित होतो. पूर्ण कपड्यांतही होतो, फक्त तेल वापरता येत नाही.

गुप्तांगांना स्पर्श हा मसाजचा भाग कधीच नसतो. हात भलतीकडे जातोय असं वाटलं, तर "थांबा" म्हणायला आणि उठून जायला कुठलंही कारण द्यावं लागत नाही. तुमचा गैरसमज झाला असेल का, हा विचार करत पडून राहू नका.

नावावरून मसाज निवडणं

"स्वीडिश घेऊ की डीप टिश्यू?" हा प्रश्न येतोच. नावांवर फार जाऊ नका. मसाज म्हणायला स्वीडिश, पण त्यातल्या एफ्लुराज (लांब हात फिरवणं), पेट्रिसाज (स्नायू मळणं) या हातांची नावं फ्रेंच, आणि त्या नावांचं श्रेय साधारणपणे योहान गेऑर्ग मेट्सगर (१८३८–१९०९) या डच डॉक्टरांना दिलं जातं. नावापेक्षा कुठे दुखतं, कधीपासून आणि काय केलं की वाढतं, हे सांगा. साठ मिनिटांत डोक्यापासून पायापर्यंत सगळं हवं आणि मानही पूर्ण मोकळी व्हायला हवी, हे जमत नाही. मान हा त्रास असेल तर अर्धा वेळ तिलाच द्या. बोलण्याचा आणि कपडे बदलण्याचा वेळ त्या साठ मिनिटांत धरलाय का, हेही आधी विचारून घ्या.

टेबलावर मदत करायला जाणं

मी हात उचलायला घेतला की बरेचजण स्वतःच उचलून देतात. त्याने खांदा कामाला लागतो आणि सैल होतच नाही. हात ओल्या टॉवेलसारखा जड सोडून द्या. चेहऱ्याची गोल उशी कपाळाला किंवा गालाला रुतत असेल तर ती हलते, सांगा. नाक चोंदलं, थंडी वाजली, कंबरेला ताण आला, तरीही सांगा. घोट्याखाली एक लोड सरकवला की पाठीला किती फरक पडतो! गप्पा नको असतील तर "मी जरा शांत पडून राहतो" एवढं पुरे. झोप लागली, घोरलात, पोट गुरगुरलं, डोळ्यांत पाणी आलं, तर हे सगळं आम्ही रोज पाहतो.

भरपेट जेवून लगेच पालथं झोपू नका, दीडदोन तास जाऊ द्या. दारू पिऊन तर येऊच नका.

'विषारी द्रव्यं निघून जातात' यावर विसंबणं

मसाजने शरीरातली विषारी द्रव्यं किंवा लॅक्टिक आम्ल निघून जातं, असं आमच्याच क्षेत्रातले लोक सांगतात, याचं मला वाईट वाटतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ तरुणांना दमवणारा व्यायाम करायला लावला आणि नंतर प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटं मसाज दिला. त्या पायाच्या स्नायूत दाह वाढवणारे संकेत कमी दिसले, लॅक्टिक आम्लात मात्र फरक नव्हता. खरा फायदा असताना खोट्याची गरज काय? तहान लागली तर पाणी प्या, पण विष धुवायला म्हणून लिटरभर ढोसू नका.

झटकन उठणं

तासभर आडवं राहिल्यावर रक्तदाब थोडा उतरलेला असतो. एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर वळा, हाताच्या आधाराने उठून बसा, पाय खाली सोडून मिनिटभर थांबा.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस कुठे हलकं वाटलं, कुठे ठणकलं, याच्या दोन ओळी लिहून ठेवा. "उजवा खांदा सैल झाला, पण मान वळवताना डावीकडे अजून अडतंय" एवढं वाक्य घेऊन पुढच्या वेळी आलात, तर पहिली दहा मिनिटं मला चाचपडत बसावं लागत नाही.