खाणीतल्या बापाचा प्रश्न आणि न्यूट्रिनोचा अभ्यास

बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स) होते, सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत. एम.एस्सी.ला मी कणभौतिकी घेतली तेव्हा रात्री जेवताना म्हणाले, "काय शिकून राहिली तू, मले बी सांग." मी पाउली या भौतिकशास्त्रज्ञापासून सुरुवात केली. बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता, म्हणून त्याने 1930 साली एक न दिसणारा कण सुचवला. तोच न्यूट्रिनो. बाबा नुसते ऐकत होते. कोलारच्या सोन्याच्या खाणीचं नाव निघालं तसे सरसावून बसले.

वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो 1965 साली त्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, टिपले गेले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधलं ओसाका आणि इंग्लंडमधलं डरहॅम यांचं ते एकत्रित काम. "पण त्यासाठी इतकं खाली कशाला?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, आपल्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन म्युऑन, म्हणजे आकाशातून बरसणारे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, जात असतात. एवढ्या गर्दीत क्वचित येणारी न्यूट्रिनोची खूण सापडणार कशी? खडक म्युऑनांना अडवतो, न्यूट्रिनोला नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे वरचा गोंगाट बंद करायला खाली जातात." हा विषय इतक्या कमी शब्दांत मला कुणी समजावला नव्हता.

नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच. हे क्षेत्र मोजण्याचं आहे. रे डेव्हिस या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत 3.8 लाख लिटर ड्रायक्लीनिंगचं द्रव भरलेली टाकी ठेवली. सूर्याच्या न्यूट्रिनोंमुळे त्या अख्ख्या टाकीत दोन दिवसांत जेमतेम एक आर्गॉनचा अणू तयार व्हायचा, आणि तो शोधून काढायचा! आकडा अपेक्षेच्या एक तृतीयांश येत राहिला. कुणी प्रयोगावर शंका घेतली, कुणी सूर्याच्या गणितावर. डेव्हिस मोजत राहिला. कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने 2001-02 मध्ये दाखवलं की न्यूट्रिनो हरवलेले नव्हते, वाटेत त्यांनी प्रकार बदलला होता. प्रकार बदलतो म्हणजे त्याला वस्तुमान आहे, आणि कणांच्या प्रमाणित सिद्धांतात ते गृहीतच नव्हतं. हा मुद्दा मला अजून झोपू देत नाही. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण (उलट गुणांचा जोडीदार कण) आहे का, आणि विश्वात प्रतिद्रव्य उरलं नाही पण द्रव्य उरलं ते का, हे प्रश्न इथूनच पुढे जातात.

पहिला सराव म्हणून संत्रं घ्या. मध्यम संत्र्यात साधारण 200 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. नैसर्गिक पोटॅशियम किंचित किरणोत्सारी असतं: एका ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे 31 अणूंचं विघटन होतं, आणि प्रत्येक विघटनात एक न्यूट्रिनो किंवा प्रतिन्यूट्रिनो (त्याचा प्रतिकण) निघतो. म्हणजे आपल्या एका संत्र्यातून सेकंदाला सहाएक न्यूट्रिनो किंवा प्रतिन्यूट्रिनो निघतात. तेवढ्याच वेळात एका चौरस सेंटिमीटरमधून सूर्याचे सुमारे 6,500 कोटी जातात. रात्रीसुद्धा, पृथ्वीच्या आरपार. हे आकडे स्वतः मांडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रवेशपरीक्षा ठरलेल्या आहेत: बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी जॅम, पीएच.डी.साठी जेस्ट, नेट, गेट, टाटा संस्थेची स्वतःची परीक्षा. पहिल्या वर्षी माझं जेस्ट गेलं, कारण मी क्वांटम क्षेत्र सिद्धांतात बुडाले होते आणि उष्मागतिकी, इलेक्ट्रॉनिक्स सोडून दिलं होतं. पुढच्या वर्षी एका संस्थेत मुलाखतीत विचारलं, "100 म्युऑन मोजले, अनिश्चितता किती?" उत्तर 10, वर्गमूळ. मला ते आलं नाही. घरी येताना रेल्वेत फार वाईट वाटलं. प्रॅक्टिकलच्या वहीत गायगर काउंटरचा प्रयोग होता, मी तो फक्त मार्कांपुरता लिहिला होता. तुम्ही तसं करू नका.

डिसेंबर-जानेवारीत घरी क्लाउड चेंबर करा, म्हणजे कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांसारख्या दाखवणारी पेटी. काचेची पेटी, खाली काळा पत्रा आणि ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), वर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फेल्ट, बाजूने टॉर्च. खोली हवेशीर ठेवा, ड्राय आइसला उघडा हात लावू नका. नागपूरच्या मे महिन्यात ड्राय आइस घरी पोचेपर्यंतच उडून जातो. बारीक सरळ रेघ दिसली की तो बहुधा म्युऑन. सोबत लिनक्स, सी प्लस प्लस आणि रूट (कणभौतिकीतली आकडेवारी तपासायचं सॉफ्टवेअर) शिका. सगळं फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं.

एकाच प्रकल्पावर मात्र आयुष्य टांगू नका. तमिळनाडूत थेनीजवळच्या बोडी टेकड्यांत न्यूट्रिनो टिपणारा 50 हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक (डिटेक्टर) बसायचा होता. तो परवानग्या आणि कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं अडकला. ज्यांचे हात शोधक बांधण्यात आणि विदा (डेटा) तपासण्यात तयार झाले होते, त्यांना इतर प्रयोगांत काम मिळालं. मदुराईला त्याची 85 टनांची छोटी आवृत्ती उभी राहिली, तिच्यावर अनेकांनी काम शिकून घेतलं.

बोडीच्या बोगद्याचा आराखडा मी बाबांना दाखवला होता. चष्मा लावून बराच वेळ पाहत बसले, मग विचारलं, "हवा कशी खेळवणार यात?" मी तीन वर्षं त्या प्रयोगाचं भौतिकशास्त्र वाचत होते, पण हवेचा विचार केला नव्हता. त्या रात्री आम्ही दोघं आराखडा पुन्हा उघडून बसलो, आणि या वेळी बोगद्याच्या तोंडापासून सुरुवात केली.