सॉल्ट वॉटर टँकला ऑटोमॅटिक ॲसिड डोसर बसवताय? या चुका टाळा

मिठाच्या पाण्याच्या पोहण्याच्या टँकचा पीएच सारखा चढतो. क्लोरिनेटरच्या, म्हणजे मिठापासून विजेने क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राच्या, सेलमध्ये क्लोरीन तयार होताना हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात, ते पाणी घुसळतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच ७.८ च्या वर सरकतो. मग क्लोरीनचा जोर कमी पडतो आणि सेलवर पांढरा थर धरतो. पन्हाळ्याच्या रस्त्यावर फार्महाऊस आणि मालक राहायला शहरात, असं असलं की रोज ॲसिड ओतायला जाणार कोण? म्हणून डोसर, म्हणजे पीएच मोजून आपोआप ॲसिड सोडणारं यंत्र, घ्यायचं ठरतं. ते योग्यच आहे, पण पैसे मोजण्याआधी पुढचं वाचा.

क्षारता न तपासता डोसर घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डोसर फक्त पीएच बघतो. पाण्याची क्षारता, म्हणजे टोटल अल्कलिनिटी, त्याला दिसत नाही. ती जितकी जास्त, तितका पीएच जोरात चढतो आणि तितकं ॲसिड लागतं. शिरोळ-हातकणंगलेकडच्या बोअरचं पाणी किती जड असतं, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. अशा पाण्यावर डोसर लावला तर तो कॅनमागून कॅन रिकामे करतो आणि लोक मशीनला दोष देतात.

हिशोब करून बघा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल टँकमध्ये ७५,००० लिटर पाणी मावतं. बाजारात मिळणारं ३० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक ॲसिड दीड लिटर घातलं की एवढ्या पाण्याची क्षारता सुमारे १० पीपीएमने (लिटरमागे १० मिलिग्रॅमने) उतरते. बोअरच्या पाण्यात ती २५० असेल आणि ८० वर आणायची असेल, तर साधारण २५ लिटर ॲसिड लागेल. हे काम डोसरवर सोडू नका. आधी हाताने, रोज थोडं थोडं ॲसिड घालून क्षारता ६० ते ८० वर आणा आणि मगच डोसर चालू करा. ॲसिडचा खप बघता बघता खाली येईल.

टँकवर धबधबा किंवा कारंजं असेल तर ते पाहुण्यांपुरतंच चालवा. दिवसभर पडणारं पाणीही कार्बन डायऑक्साइड उडवून पीएच चढवतं. नवा सिमेंट प्लास्टरचा टँक असेल, तर पहिले काही महिने प्लास्टरमधला चुना पीएच चढवत राहतो. तेवढ्या दिवसांच्या खपावरून मोठा पंप घेऊ नका.

लाईट गेल्यावर काय होतं, हे न विचारणं

यात जिवाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुष्कळ ठिकाणी फिल्टरची मोटर थेट लाईनवर असते आणि डोसर घरच्या इन्व्हर्टरवर. लाईट गेली की मोटर थांबते, पाईपमधलं पाणी जागच्या जागी उभं राहतं, डोसर मात्र ॲसिड सोडतच राहतो. ते ॲसिड पाईपात, सेलजवळच्या क्लोरीनच्या पाण्यात मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो. लाईट परत आली की तो वायू रिटर्नच्या, म्हणजे पाणी परत टँकमध्ये सोडणाऱ्या पाईपच्या, तोंडातून टँकमध्ये येतो आणि तिथं पोरं पोहत असतात.

म्हणून डोसर इन्व्हर्टरवर ठेवूच नका. मोटर बंद तर डोसर बंद, अशी वायरिंग वायरमनकडून करून घ्या. त्याशिवाय पाणी प्रत्यक्ष वाहतंय का हे बघणारा फ्लो स्विचही हवा, कारण मोटर फिरत असते पण पाणी ओढत नसते, असंही होतं. एका वेळी ठरावीक मर्यादेपलीकडे ॲसिड न सोडण्याची सोय नसेल, तर तो डोसर घेऊ नका. कितीही स्वस्त मिळाला तरी नाही.

प्रोब आणि नळीची जागा

पीएचचा प्रोब, म्हणजे पीएच मोजणारी काचेची कांडी, फिल्टरच्या पुढे आणि सेलच्या आधी बसवा. ॲसिडची नळी सगळ्यात शेवटी, सेलच्याही पुढे. उलट जोडलं तर प्रोब आपणच सोडलेलं ॲसिड मोजतो आणि आकडा वेड्यासारखा खाली-वर होतो.

आकडा दिवसेंदिवस ७ वरच अडकलाय, पण पट्टी किंवा टेस्ट किट ८.२ दाखवतंय? बहुधा प्रोबची काच तडकलीय किंवा केबलमध्ये ओल गेलीय. डोसरला वाटतं पाणी ठीक आहे आणि तो ॲसिड सोडतच नाही. खात्री करायची तर प्रोब काढून एका पेल्यात व्हिनेगर घेऊन त्यात बुडवा. आकडा ३ च्या आसपास उतरला पाहिजे. जागचा हलला नाही, तर नवा प्रोब आणा. आकडा हलतो पण चुकतो, तर ७ आणि ४ च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) कॅलिब्रेट करा. प्रोब कोरडा ठेवू नका आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये तर मुळीच नको. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण लागतं.

आकडा बरोबर आहे, पंप फिरतोय, तरी ॲसिड जात नाही? आधी डोसरच्या पंपात रोलरखाली दाबली जाणारी नळी बघा. ती चपटी होते, चिरते. सुटी नळी मिळते, पण ती हायड्रोक्लोरिकला टिकणाऱ्या रबराचीच घ्या.

ॲसिडचा कॅन पंपरूममध्ये

बंद कॅनमधूनही वाफा सुटतात आणि काही महिन्यांत क्लोरिनेटरचं बोर्ड, मोटरचे नट, सगळं गंजतं. कॅन बाहेर, सावलीत, हवेशीर जागी ठेवा. क्लोरीनच्या पावडरजवळ कधीच नको. पातळ करायचं तर आधी पाणी घ्या आणि त्यात ॲसिड ओता, उलट कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडू नका. पिवळट ॲसिडमध्ये लोखंडाचा अंश असतो, तो फरशीवर डाग धरू शकतो. रंगहीन मिळालं तर तेच घ्या.

पावसाळा

जुलैच्या पावसात टँक भरून वाहतो, मीठ जातं आणि क्षारताही पातळ होते. क्षारता फार उतरली की पीएच थोड्याशा ॲसिडनेही धाडकन खाली येतो. या दिवसांत दर आठवड्याला क्षारता मोजा. ६० च्या खाली गेली तर खायचा सोडा घाला: ७५,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला सव्वा किलो पुरतो. टँक पावसाळाभर बंदच ठेवणार असाल, तर डोसरचा स्विच काढा, ॲसिडची नळी साध्या पाण्याने धुवा, रोलरवरून सोडवून ठेवा आणि प्रोब त्याच्या द्रावणाच्या टोपीत घालून घरी आणा.