सिग्मा सुटतो, घोडं पुढे अडतं

मराठी किंवा सेमी माध्यमातून बारावी करून बीएससी, बीसीएच्या पहिल्या वर्षाला गेलेली मुलं माझ्याकडे शिकवणीला येतात. काही चाळीसगावातलीच, काही धुळ्याकडची. सिग्मा म्हणजे बेरजेचं चिन्ह; त्याची सूत्रं बहुतेकांना तोंडपाठ असतात. घोडं अडतं ते सूत्र भरून झाल्यावर. समोर लांबलचक राशी, आणि प्रश्न येतो, "आते काय करू, सर?"

एक उदाहरण बघू. पुस्तकातल्या 'एन'ला इथे न म्हणू, 'आर'ला र. र ची किंमत १ पासून न पर्यंत. काढायचंय सिग्मा र(र+२). कंस सोडवला की सिग्मा र² अधिक २ सिग्मा र. सूत्रं भरली (सिग्मा र म्हणजे न(न+१)/२, त्याची दुप्पट न(न+१)):

न(न+१)(२न+१)/६ + न(न+१)

इथे हात शिवशिवतो सगळे कंस गुणून टाकायला. गुणलं तर (२न³+९न²+७न)/६ येतं. बरोबरच आहे, पण अवयवांत उत्तर मागितलं असेल तर आता बसा घनराशी फोडत. त्यापेक्षा न(न+१)/६ आधीच बाहेर काढा. आत (२न+१)+६ उरतं, म्हणजे उत्तर न(न+१)(२न+७)/६. दुसऱ्या पदाला छेद नव्हता, म्हणून आत ६ आला. तिथे १ लिहिणारे दरवर्षी भेटतात.

सामाईक भाग आधी बाहेर काढायची ही सवय आपल्या भागात जुनी आहे म्हणा ना. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) १ पासूनच्या बेरजेला, म्हणजे आपल्या न(न+१)/२ ला, संकलित म्हटलंय. वर्गांच्या बेरजेचा नियम असा: पदांची संख्या दुप्पट करा, १ मिळवा, ३ ने भागा, संकलिताने गुणा. घनांची बेरीज तर संकलिताचा सरळ वर्ग. तिन्हींत संकलित उघड दिसतं, म्हणून मी सूत्रं याच रूपात पाठ करायला लावतो. सामाईक काय ते मग शोधावं लागत नाही.

इंडक्शनमध्येही हेच, म्हणजे सूत्र क पर्यंत खरं धरून क+१ साठी सिद्ध करताना. वर्गांच्या बेरजेत शेवटी क(क+१)(२क+१)/६ + (क+१)² उरतं. (क+१)/६ बाहेर, आत २क²+क+६क+६. त्याचे अवयव (क+२)(२क+३), झालं. कंस फोडले असते तर इथवर यायला पानभर लागलं असतं.

सिग्मा गुणाकारावर वाटून टाकू नका. सिग्मा (र×र) म्हणजे सिग्मा र गुणिले सिग्मा र नव्हे; न=२ ठेवा, एकीकडे ५ येतात, दुसरीकडे ९. खालची मर्यादाही वाचा. ० पासून न पर्यंत ५ ची बेरीज ५(न+१) होते, ५न नाही. सिग्मा र मध्ये र=५ पासून सुरुवात असेल तर पूर्ण बेरजेतून १ ते ४ ची बेरीज, म्हणजे १०, वजा करायची; १५ नव्हे. उत्तर आल्यावर न=१ आणि न=२ ठेवून बघा. वरच्या उदाहरणात ३ आणि ११ यायला हवेत, येतात. परीक्षेत एवढा वेळ नक्की असतो.

बीसीएवाल्यांना हे सगळं प्रोग्रॅममध्ये पुन्हा भेटतं. लूप म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं. बाहेरची लूप र = १ ते न, आतली र+१ ते न; आतली ओळ किती वेळा चालेल? मांडणी सिग्मा (न−र). न पाहून गोंधळ उडतो, पण बदलतो तो र. न इथे साधा स्थिरांक, म्हणून सिग्मा न म्हणजे न². मग न² − न(न+१)/२. इथेही न/२ बाहेर काढा, आत २न−न−१ राहील, आणि उत्तर न(न−१)/२.