गुडघ्याची फिजिओथेरपी लागू पडत नाही? या चुका टाळा

‘दहा दिवस मशीन लावलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मग पुन्हा जैसे थे.’ गुडघ्याची झीज झालेले पेशंट पहिल्या भेटीत बहुधा हेच सांगतात. मशीन कोणतं, ते आठवत नसतं. मुंग्या येणारं की गरम होणारं, एवढंच. व्यायाम कोणते दिले होते, असं विचारलं की पिशवीतून एक झेरॉक्स निघते. घड्या अजून कडक असतात.

मशीनलाच उपचार समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आयएफटी (मुंग्या आणणारं सौम्य विजेचं मशीन) असो, शेक असो, त्यानं दुखणं काही वेळ उतरतं. त्या उतारात व्यायाम करून घ्यायचा असतो. जिना उतरताना गुडघ्यावर येणारा भार झेलतो तो मांडीचा पुढचा स्नायू. दुखतं म्हणून आपण पाय वाचवतो, स्नायू वाळत जातो, भार सांध्यावर पडतो आणि आणखी दुखतं. झोपून घेतलेल्या शेकानं त्या स्नायूत ताकद येत नाही.

‘वंगण संपलंय, आता गुडघा कमी वापरायचा’ हा सल्ला शेजारपाजारून हमखास मिळतो. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दाब पडतो, सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. सकाळी आखडलेला गुडघा चार पावलं टाकल्यावर मोकळा होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आणि एक्स-रेमध्ये ‘गॅप कमी’ दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. फोटो आणि दुखणं यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

काही जण उलट टोकाला जातात. सोमवारी जोशात पन्नास उठाबशा, मंगळवारी गुडघा टम्म, बुधवारपासून व्यायाम कायमचा बंद. मी एक साधं माप सांगते. शून्य ते १० मध्ये दुखणं ५ पर्यंत गेलं तरी चालेल, पण २४ तासांत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं, तर व्यायाम सोडू नका, निम्मा करा.

आता खुर्चीचा व्यायाम, कारण तो जवळजवळ सगळेच चुकवतात. खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, छाती पुढे झुकवा, मग उठा. इथपर्यंत ठीक असतं. बसताना मात्र मंडळी धप्पकन बसतात. खरा व्यायाम त्या खाली येण्यात आहे. मनात तीन आकडे मोजत टेका, गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका. ८ ते १० वेळा, असे दोन-तीन फेरे, एक दिवस आड. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा. सोपं झालं की उशी काढा, मग हातांचा आधार सोडा. तीन महिने नुसती गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी दाबत राहिलात तर स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे द्या. पंधराव्या दिवशी निकाल लावू नका.

बारीकसारीक चुकाही आहेत. रात्रभर गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका, गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते. काठी दुखऱ्या बाजूला नको, विरुद्ध हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दोन्ही गुडघे दुखत असतील तर कठडा धरा, त्यात लाज कसली! नी-कॅप बाहेर जाताना ठीक, पण ती व्यायामाची जागा घेत नाही. वजन जास्त असेल तर १ किलो उतरवल्यानं प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी हलका होतो.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली, गुडघा अडकून सरळच होईना किंवा पायावर भारच टाकता येईना, तर यातलं काहीही करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.