युद्धाची भरपाई वाचायची कशी, एका जुन्या वसुलीवाल्याची पद्धत

आधीच सांगतो मी इतिहासाचा मास्तर नाही. नाशिकच्या एका पतसंस्थेत एकोणीस वर्षं वसुलीला होतो, पंचवटीपासून सिन्नरपर्यंत लोकांच्या ओट्यावर बसून हप्ते मागितलेत. आता भाची एमपीएससी करतेय, कॉलेज रोडला अभ्यासिका लावलीय, रविवारी घरी आली की पुस्तक पुढ्यात टाकते आणि म्हणते मामा हे व्हर्सायचं, म्हणजे पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर लादलेल्या तहाचं, काही डोक्यात बसत नाही, आकडेच आकडे आहेत. मी वाचलं आणि हसायलाच लागलो. अगं हे तर थकीत खातं आहे! तेव्हापासून आम्ही कुठल्याही युद्धाची खंडणी थकीत खात्यासारखीच वाचतो. वहीत सहा रकाने आखायचे: कागदावर किती, कशात, तारण काय, पैसा आला कुठून, हातात किती पडले, फाइल बंद कशी झाली. बस. हे सहा भरले की पाठांतर करावं लागत नाही.

सुरुवात मोठ्या आकड्यापासून करायची, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. नोटिशीवर जी रक्कम असते ना, त्यात मुद्दल, व्याज, दंडव्याज, वकील फी सगळं घुसवलेलं असतं, तसंच इथे. जर्मनीवर मे १९२१ मध्ये लंडनला १३,२०० कोटी सोन्याचे मार्क लावले, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण तो फोडून कोणी बघत नाही. त्याचे तीन प्रकारचे रोखे होते, अ १,२०० कोटी, ब ३,८०० कोटी आणि क ८,२०० कोटी. यातला क म्हणजे निव्वळ शोभेचा, जर्मनीची ऐपत वाढली तर पुढे कधीतरी बघू असा, आणि तो वसूल होणार नाही हे आतल्या लोकांना माहीत होतं. मग लिहिला कशाला? फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मतदारांना मोठा आकडा दाखवायचा होता. आमच्याकडे पण वार्षिक सभेच्या आधी येणे बाकी अशीच फुगवून दाखवायचे, सभासद खूश आणि आम्ही टेबलाखाली बघायचो. म्हणजे खरी मागणी ५,००० कोटींची. आणि ही रक्कम मुळात वाढली कशी तेही बघा, नागरिकांचं झालेलं नुकसान एवढंच धरायचं म्हणता म्हणता त्यात सैनिकांच्या पेन्शनी पण घातल्या, त्यात ब्रिटनचा वाटा वाढत होता म्हणून.

दुसरा रकाना, कशात. इथे बरेच जण घसरतात. मार्क म्हणजे जर्मन नोट असं समजू नका, तो सोन्याचा मार्क होता, २,७९० मार्कांना एक किलो शुद्ध सोनं. म्हणजे जुन्या तोळ्याला साधारण साडेबत्तीस मार्क. आता मोबाइलवर भागाकार करा, १३,२०० कोटी म्हणजे ४७,००० टनांच्या वर सोनं निघतं. सराफ बाजारातून चालत जाताना हा आकडा डोक्यात ठेवा म्हणजे घाबरायला होईल. सोन्यात का लिहिलं, तर कागदात लिहिलं असतं तर जर्मनीने छापून दिले असते. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कोणी ठरवलं की रात्रंदिवस नोटा छापून बाहेरचं देणं फेडू, तर समोरचा घेईल का? नाही घेणार.

आणि म्हणूनच एक गैरसमज काढून टाका, की १९२३ च्या महागाईने जर्मनीची भरपाई विरघळली. नोव्हेंबर १९२३ ला एका डॉलरला ४.२ लाख कोटी कागदी मार्क झाले होते हे खरं, पण त्यात बुडालं ते देशातल्या देशातलं कर्ज, म्हणजे ज्या बिचाऱ्या मध्यमवर्गाने युद्धाचे सरकारी रोखे घेतले होते त्यांचे पैसे. सोन्यातलं देणं जिथल्या तिथे.

चीनचा असाच प्रकार. १९०१ ला बॉक्सर बंडानंतर, म्हणजे परकीयांविरुद्धचा उठाव मोडल्यावर, परकीय सत्तांनी ४५ कोटी टेल लावले, टेल म्हणजे चांदीचं वजन, तीन तोळ्यांहून थोडं जास्त. ३९ वर्षं मुदत, ४ टक्के व्याज, सगळं धरून ९८ कोटी २० लाख टेल. दुपटीपेक्षा जास्त झालं की नाही! आणि वर घेणाऱ्यांचा आग्रह की सोन्याच्या भावाने द्या, चांदी उतरत होती, त्यामुळे आकडा तोच राहून ओझं वाढत गेलं. चांदीच्या वजनाचा अंदाज येत नसेल तर अंजनेरीला नाण्यांचं म्युझियम आहे तिथे एकदा जाऊन या, त्र्यंबकला जाताना रस्त्यातच आहे.

तिसरा रकाना तारण, आणि माझ्या मते वसूल झालं का नाही याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. १८७१ ला फ्रान्स हरला, ५०० कोटी फ्रँक द्यायचे ठरले, आणि ते मिळेपर्यंत जर्मन सैन्य फ्रान्सच्या जिल्ह्यांमध्ये बसून राहणार, हप्ता आला की थोडं मागे सरकणार. फ्रान्सने काय केलं तर रोखे काढले, लोकांनी मागणीच्या कितीतरी पट पैसे आणून ओतले, आणि सप्टेंबर १८७३ ला मुदतीच्या आधी खातं निल. दारातून ट्रॅक्टर ओढून नेलेला माणूस कसा दोन दिवसात पैसे उभे करतो, तसं. आपल्या जवळचं उदाहरण घ्या, १७९२ चा श्रीरंगपट्टणचा तह. टिपूवर ३ कोटी ३० लाख रुपये आणि अर्धं राज्य, वाटेकरी इंग्रज, निजाम आणि आपले मराठे, मराठ्यांकडून हरिपंत फडके होते. तारण काय? टिपूची दोन मुलं ओलीस. ती १७९४ ला परत आली. असलं तारण ठेवलं की वसुली अधिकाऱ्याची गरजच नाही.

तारण विकूनही वसुली होते. १८४६ ला लाहोरच्या तहात शिखांना दीड कोटी रुपये सांगितले, तेवढे खजिन्यात नव्हते, म्हणून १ कोटीच्या बदल्यात काश्मीरसकट डोंगराळ मुलूख इंग्रजांनी घेतला आणि आठवड्याच्या आत अमृतसरला ७५ लाखाला जम्मूच्या गुलाबसिंगला देऊन टाकला. हे वाचल्यावर भाची दोन मिनिटं गप्प होती. लिलावात गेलेल्या जमिनीवर राहणाऱ्यांना कोणी विचारत नाही, एवढंच मी म्हणालो.

जप्ती मात्र जपून. जानेवारी १९२३ ला जर्मनीकडून तारांच्या खांबांचं लाकूड आणि कोळसा वेळेवर आला नाही म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमने रूरमध्ये, म्हणजे जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात, सैन्य घुसवलं, खाणी आणि कारखाने ताब्यात घेतले. तर कामगारांनी काम बंद केलं, बर्लिनने त्यांना घरबसल्या पगार द्यायला आणखी नोटा छापल्या, आणि सगळाच बट्ट्याबोळ. गिऱ्हाईकाचं दुकानच सील केलं तर हप्ता कुठून येणार, हे आमच्या साहेबांनाही कधी कळलं नाही.

चौथा रकाना, पैसा आला कुठून. सोसायटीत ज्याचं पीककर्ज आहे त्याला नवं-जुनं माहीत असतंच, जुनं कर्ज भरलं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं उचलायचं, बँकेचं रेकॉर्ड स्वच्छ आणि शेतकरी होता तिथेच. १९२४ च्या डॉज योजनेत, म्हणजे जर्मनीचे हप्ते नव्याने बांधून दिले त्यात, हेच झालं फक्त देशांच्या पातळीवर. जर्मनीला ८० कोटी मार्कांचं परदेशी कर्ज मिळालं, त्यातलं जास्त अमेरिकेतून, पुढे अमेरिकेतून आणखी कर्ज येत राहिली, त्यातून जर्मनी फ्रान्स-ब्रिटनला भरपाई देणार, आणि ते दोघं युद्धात उचललेली उधारी अमेरिकेला फेडणार. वहीत बाणांनी गोल काढा, एकदा काढलात की विसरणार नाही. १९२९ ला हप्ते पुन्हा बांधणारी यंग योजना आली, हप्ते १९८८ पर्यंत, आणि त्याच वर्षी अमेरिकेचा बाजार कोसळला, गोल तुटला. १९३१ ला अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी वर्षभर वसुलीला स्थगिती दिली, १९३२ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ३०० कोटी मार्कांवर तडजोड. आमच्या भाषेत ओटीएस, वन टाइम सेटलमेंट. तेही कधी भरले गेले नाहीत.

याच रकान्यात एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहा. देश बाहेरचं देणं शेवटी माल विकूनच फेडतो. आणि घेणारे तर जर्मन मालावर जकाती वाढवत होते! लासलगावच्या माणसाला हे समजवावं लागत नाही, डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा बँकेच्या नोटिसा काही बंद झाल्या नव्हत्या. माल विकू द्यायचा नाही आणि हप्ता मागायचा, हे दोन्ही एकदम चालत नाही.

पैशाऐवजी मालच घेतला तर? त्यासाठी फिनलंड वाचा. १९४४ ला सोव्हिएत युनियनने ३० कोटी डॉलरचा माल मागितला, तोही १९३८ च्या भावाने, म्हणजे प्रत्यक्षात बराच जास्त. जहाजं, यंत्रं, केबल, लाकूड. नंतर रक्कम थोडी कमी झाली, १९५२ ला त्यांनी शेवटची खेप रवाना केली आणि खातं बंद. त्या नादात त्यांचा यंत्र आणि जहाज उद्योग उभा राहिला. जपानने पण फिलिपिन्सला ५५ कोटी डॉलर आणि ब्रह्मदेशाला २० कोटी डॉलरची भरपाई माल आणि सेवांमध्येच दिली, जपानी कंपन्यांना बाजार आयता मिळाला. भारताने १९५२ च्या तहात जपानकडची भरपाई सोडून दिली, हा प्रश्न परीक्षेत येऊ शकतो म्हणून अधोरेखित करा.

हातात किती पडले हा रकाना छोटा असतो. १३,२०० कोटींपैकी जर्मनीकडून १९३२ पर्यंत आले साधारण २,००० कोटींच्या आसपास.

फाइल बंद कशी झाली यात एक सापळा आहे. ३ ऑक्टोबर २०१० ला जर्मनीने पहिल्या महायुद्धाची भरपाई फेडली असं सगळीकडे छापून येतं. ते अर्धवट आहे. १९५३ च्या लंडन करारात जर्मनीची जुनी कर्जं जवळपास निम्मी केली आणि काही व्याज पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक होईपर्यंत पुढे ढकललं, २०१० ला फेडलं ते डॉज आणि यंग योजनेच्या रोख्यांवरचं हे राहिलेलं व्याज. भरपाई तर १९३२ लाच संपली होती.

वसुली चोख कुठे झाली विचाराल तर इराक. १९९० ला कुवेतवर हल्ला केला, मग संयुक्त राष्ट्रांनी इराकच्या तेलविक्रीतूनच टक्का कापायला सुरुवात केली, आधी ३०, मग २५, पुढे ५ आणि त्याहून कमी. उसाच्या बिलातून कारखाना सोसायटीची कपात करतो ना, सेम. २०२२ ला ५,२४० कोटी डॉलर पूर्ण. कुवेतमधून जीव घेऊन पळालेल्या आपल्या भारतीय कामगारांनाही त्यातून पैसे मिळाले.

सरावाला यांदाबोचा १८२६ चा तह घ्या, इंग्रजांनी ब्रह्मदेशावर लावलेले १ कोटी रुपये, चार हप्ते, सहाही रकाने स्वतः भरून बघा.

आणि हो, ही पद्धत एका ठिकाणी अडते, ते भाचीनेच काढलं. हैती, कॅरिबियन समुद्रातली फ्रान्सची जुनी वसाहत. गुलामांनी लढून फ्रान्सला हाकललं, १८०४ ला स्वतंत्र झाले, म्हणजे जिंकले. १८२५ ला फ्रान्सने चौदा युद्धनौका बंदरासमोर उभ्या केल्या आणि मान्यता हवी तर १५ कोटी फ्रँक द्या म्हणाला, कशाचे, तर गेलेल्या मळ्यांचे. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं, आणि कट कापून हातावर टेकवले २ कोटी ४० लाख. मामा, यात कर्ज घेतलं कोणी आणि हरलं कोण, तिने विचारलं. मग तिनेच पट्टी घेतली आणि सगळ्यात आधी एक सातवा रकाना आखला, देणं मुळात लागतं का.